थकलेले शैक्षणिक कर्ज आणि सिबिलचा अहवाल



ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील तरुण दाम्पत्यांकडून गेली काही वर्षे एक तक्रार वारंवार कानी येते. ‘‘फादर, दोघांनाही पगार आहे, हप्ता भरण्याची तयारी आहे, तरीही बँक गृहकर्ज नाकारते.’’ थोडी अधिक विचारपूस केली की पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घेतलेले आणि मधल्या काळात विस्मरणात गेलेले शैक्षणिक कर्ज सिबिलच्या अहवालात थकीत म्हणून नोंदलेले असल्याचे निष्पन्न होते. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकविले गेले, व्याजाचे गणित नव्हे. तरीही हा प्रश्न इतक्या घरांत आहे की बँकव्यवहाराची जाण असलेल्या मंडळींकडून तो समजून घेऊन येथे मांडणे आवश्यक वाटले.

आज अडचणीत आलेली बहुतेक कर्जे एका विशिष्ट काळातील आहेत. २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशनने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना तयार केली आणि सरकारी बँकांनी ती स्वीकारली. चार लाख रुपयांपर्यंत तारण नको, जामीनदार नको. केवळ आई किंवा वडिलांनी सहकर्जदार म्हणून सही करावयाची. चार लाखांच्या वर साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाईताचा जामीन. शिक्षण संपल्यावर एक वर्षाने किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून हप्ते सुरू. गिरणी, कारखाना वा रेल्वेत आयुष्य काढलेल्या पालकांना मुलामुलींना अभियांत्रिकीस किंवा परिचारिकेच्या अभ्यासक्रमास पाठविणे यामुळे शक्य झाले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु या मुलांपैकी अनेकांचे शिक्षण २००८-०९ च्या जागतिक मंदीच्या सुमारास संपले. नोकरी लांबली किंवा मिळाली ती तुटपुंज्या पगाराची. कोणी आखातात गेले. घरच्यांनी डोंबिवलीतील चाळीतली खोली सोडून बदलापूर किंवा टिटवाळ्यास बिऱ्हाड हलविले आणि बँकेची पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहिली. काही वर्षांनी पत्रेही थांबली. पत्रे थांबली म्हणजे बँकेने कर्ज सोडून दिले, अशी घरातल्यांची समजूत झाली. खरी चूक या समजुतीत आहे.

हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की बँक ते कर्ज अनुत्पादक ठरविते. पुढे काही वर्षांनी ते ‘राइट ऑफ’, म्हणजे निर्लेखित, केले जाते. निर्लेखन ही बँकेने आपल्या ताळेबंदाची केलेली सफाई आहे. ती कर्जदारास दिलेली माफी नव्हे. येणे कायम राहते, वसुलीचा हक्क कायम राहतो आणि पत अहवालात ‘रिटन ऑफ’ हे दोन शब्द उमटतात. नव्या कर्जाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट शब्द क्वचितच असतील.

हा अहवाल तयार करणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली, म्हणून तिचेच नाव सर्वांच्या तोंडी बसले. २००५ च्या कायद्यान्वये त्यांचे काम चालते. बँका आपल्या प्रत्येक कर्जखात्याची माहिती या कंपन्यांना कळवितात, आणि त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान एक गुणांक दिला जातो. सात वर्षांनी जुनी नोंद आपोआप पुसली जाते, असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. नियमानुसार ही माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते. सात वर्षे ही किमान मुदत आहे, कमाल नव्हे. जुन्या करारातील सातव्या वर्षाची कर्जमुक्ती येथे लागू नाही!

आता एक उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवलीतील एका कुटुंबाने २००५ साली मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी देना बँकेकडून तीन लाखांचे कर्ज घेतले. वडील सहकर्जदार. मुलाने दोन वर्षे हप्ते भरले, पुढे नोकरी गेली आणि हप्ते थांबले. आज त्याला ठाण्यात घर घ्यावयाचे आहे. त्याने प्रथम काय करावे? पैसे घेऊन धावत बँकेत जाऊ नये. प्रथम अहवाल मागवावा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा प्रत्येकास हक्क आहे. संकेतस्थळावर पॅन क्रमांक व मोबाईल क्रमांक देऊन तो मिळतो. त्यासाठी महिन्याची वर्गणी भरण्याचा आग्रह होतो, तो टाळावा. वडिलांचा अहवालही अवश्य पाहावा, कारण सहकर्जदाराच्या नावावर तीच नोंद असते. जामीन राहिलेल्या शेजाऱ्याच्या अहवालातही ती असू शकते. शेजारधर्म म्हणून सही केलेल्या माणसाला स्वतःचे कर्ज नाकारले जाईपर्यंत याची गंधवार्ताही नसते. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे सही घेताना त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसरा प्रश्न, कर्ज आज कोणाकडे आहे? देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँकेसह बँक ऑफ बडोदात विलीन झाली. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, कॉर्पोरेशन व आंध्र बँक युनियन बँकेत, ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स पंजाब नॅशनल बँकेत आणि अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली. शाखेची पाटी बदलली, खाते क्रमांक बदलला. कर्ज मात्र नव्या बँकेच्या वहीत गेले. याखेरीज काही बँकांनी थकीत शैक्षणिक कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकली. स्टेट बँकेने २०१४ मध्ये अशी कर्जे रिलायन्स ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला विकली होती. तसे झाले असल्यास पैसे त्या कंपनीला द्यावयाचे असतात, जुन्या शाखेत नव्हे. अहवालातील नोंदीत कर्ज देणाऱ्या संस्थेचे आजचे नाव आढळते. फोनवर वसुली मागणाऱ्या अनोळखी व्यक्तीच्या शब्दावर विसंबू नये.

त्यानंतर बँकेस लेखी पत्र देऊन पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा मागावा. उतारा नीट वाचण्यात कंटाळा करू नये. आदर्श योजनेनुसार शिक्षणाच्या काळात सरळ व्याज आकारावयाचे असते, चक्रवाढ नव्हे. तसेच २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना होती: पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास देशातील व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांच्या काळातील व्याज सरकार भरीत असे. आपण पात्र होतो का, अर्ज केला होता का, अनुदान खात्यात जमा झाले का, हे तपासावे. येणे रकमेत यामुळे लक्षणीय फरक पडू शकतो.

आता खरा निर्णय. बँक बहुधा एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव देते: दोन लाख ऐंशी हजार येणे असेल तर, समजा, दीड लाखात मिटवू. ऐकताना हे गोड वाटते. परंतु येण्यापेक्षा कमी भरून मिटविलेल्या कर्जाची नोंद ‘सेटल्ड’ अशी होते, ‘क्लोज्ड’ अशी नव्हे. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने तोटा सोसला, असे पुढची बँक वाचते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या चौकटीनुसार, शेतीकर्जे वगळता, तडजोड केलेल्या कर्जदारास तीच बँक किमान बारा महिने नवे कर्ज देत नाही. ज्यास घर घ्यावयाचे आहे, त्याने शक्य असेल तर दंडव्याज माफ करण्याची विनंती करून उर्वरित पूर्ण रक्कम भरावी, आणि भरण्यापूर्वीच ‘क्लोज्ड’ अशी नोंद कळविली जाईल असे लेखी घ्यावे. ज्याची तेवढी ऐपतच नाही, किंवा निवृत्त वडिलांच्या मागचा तगादा थांबविणे एवढाच हेतू आहे, त्याच्यासाठी तडजोड वाईट नाही. मात्र ती कशाची किंमत देऊन करीत आहोत, हे ठाऊक असावे.

मुदतीच्या कायद्याविषयीही विचारणा होते. कर्जवसुलीच्या दाव्यास साधारणतः तीन वर्षांची मुदत असते. ती उलटल्यास बँकेला न्यायालयात वसुली अवघड होते. पण त्यामुळे कर्ज संपत नाही आणि अहवालातील नोंदही हटत नाही. उलट, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी वचन दिल्यास ते नव्याने बंधनकारक होऊ शकते. म्हणून वसुली प्रतिनिधीने पुढे केलेल्या कागदावर घाईने सही करू नये, वकिलास दाखवावा. या प्रतिनिधींना सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, हेही वृद्ध पालकांना सांगून ठेवावे.

काही वेळा नोंदच चुकीची असते. आपल्या समाजात डिसोझा, फर्नांडिस, परेरा, डिमेलो ही आडनावे घरोघरी आणि बाप्तिस्म्याची नावेही तीच तीच. जन्मतारीख किंवा पत्ता जुळला नाही तरी दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढण्याचा संभव राहतो. अशा वेळी पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर विनाशुल्क हरकत नोंदवावी. तीस दिवसांत निवाडा झाला नाही, तर एप्रिल २०२४ पासून दर दिवसास शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. मात्र नोंद खरी असेल तर ती कोणीही पुसू शकत नाही. ‘सिबिल दुरुस्त करून मिळेल’ अशी भित्तिपत्रके लावणारे पाच-दहा हजार घेऊन हीच हरकत भरतात, जी घरबसल्या फुकट भरता येते.

हा प्रश्न केवळ घराचा नाही. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, प्रतिकूल पत इतिहासामुळे स्टेट बँकेने एका उमेदवाराची नियुक्ती रद्द केली होती, तो निर्णय ग्राह्य धरला. बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या तरुणांनी याची नोंद घ्यावी. दुसरीकडे, केरळ उच्च न्यायालयाने २०२० मध्ये पालकांचा पत गुणांक असमाधानकारक आहे एवढ्यावरून विद्यार्थ्याचे शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे म्हटले. थोरल्याच्या थकबाकीमुळे धाकटीचा अर्ज फेटाळला गेल्यास या निकालाचा आधार घेऊन शाखाधिकाऱ्यास लेखी कारण मागता येईल.

बँकेची नोटीस लोक अदालतीची असेल तर तेथे अवश्य जावे. ठाणे व कल्याण न्यायालयांत राष्ट्रीय लोक अदालती भरतात आणि दावा दाखल होण्यापूर्वीची प्रकरणेही तेथे घेतली जातात. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही; म्हणून रक्कम आणि हप्ते यांचा विचार घरी करूनच जावे. विनामूल्य वकील हवा असल्यास विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते, त्यामुळे सहकर्जदार आई असल्यास तिच्या नावाने अर्ज करावा.

पैसे भरल्यावर बेबाकी दाखला, ज्यास बँकेत सर्रास ‘नो ड्यूज’ म्हणतात, शिक्क्यासह घ्यावा. तारण ठेवले असल्यास मूळ कागदपत्रेही परत मागावीत. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी दर पंधरवड्यास माहिती कळविण्याचा नियम लागू झाला. तेव्हा साधारण दीड महिन्याने पुन्हा अहवाल पाहावा, आणि जुनीच नोंद दिसल्यास दाखल्याची प्रत जोडून हरकत नोंदवावी. मूळ दाखला मात्र कोणासही देऊ नये.