हडंब्याचा हिशोब आणि नवा सांगकाम्या

माझ्या भाच्याकडं सोयाबीन काढायचं मळणीयंत्र आहे. आपल्याकडं त्याला हडंबा म्हणतात. दसरा जवळ आला की ट्रॅक्टरला तो जोडून भाचा चाकूरच्या आसपासच्या गावांतून फिरतो, आणि दिवाळी होईस्तोवर घरी फक्त जेवायला आणि झोपायला येतो. दर कट्ट्यामागं ठरलेला असतो. रोख देणारे थोडे, माल विकल्यावर देतो म्हणणारे जास्त. हा सगळा हिशोब एका वहीत. वहीला डिझेलचा वास, पानांत भुसा, आणि कुठं कुठं पाणी पडून आकडे पुसलेले.

२०२५ च्या हंगामात तो मला म्हणाला, "मामा, तुम्ही इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकवलात. मला ह्या वहीचं एखादं ॲप करून द्या की."

पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर मी हसून विषय बदलला असता. संगणक चालवायला शिकवणं वेगळं, त्याचा प्रोग्राम लिहिणं वेगळं. पण आता साध्या भाषेत लिहून सांगितलं की संकेतस्थळ किंवा ॲप तयार करून देणारी साधनं आली आहेत. लव्हेबल, बोल्ट, रेप्लिट ही त्यांतली काही नावं. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय यांच्याकडूनही असं काम करून घेता येतं. आपण जे लिहून सांगतो त्याला 'प्रॉम्प्ट' म्हणतात. मी त्याला सूचना म्हणेन. सूचना मराठीत दिली तरी चालते.

रेडिओवर पडदा दाखवता येत नाही, म्हणून आत काय घडतं ते शब्दांतच सांगतो. संकेतस्थळ हे घरासारखं असतं. एचटीएमएल नावाच्या भाषेत त्याच्या भिंती लिहिलेल्या असतात, सीएसएसमध्ये रंगरंगोटी, आणि बटण दाबल्यावर काय व्हावं ते जावास्क्रिप्टमध्ये. माहिती साठवायची जागा वेगळी. तिला डेटाबेस म्हणतात; आपण कणगी म्हणू. ही कणगी बहुधा आपल्या फोनमध्ये नसते, दूर कुठंतरी दुसऱ्याच्या संगणकावर असते. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या यंत्रानं अफाट मजकूर आणि लोकांनी लिहिलेले असंख्य प्रोग्राम वाचलेले आहेत. कशानंतर काय येतं याचा त्याला दांडगा सराव आहे. आपली सूचना मिळाली की ते या सगळ्या भाषांत मजकूर लिहीत सुटतं, तयार झालेलं स्वतः चालवून बघतं, चूक निघाली तर तीही वाचतं आणि दुरुस्त करतं. पाच-दहा मिनिटांत पडद्यावर काहीतरी चालतं-बोलतं उभं राहतं. पहिल्यांदा बघताना माणूस हरखून जातो. मीही गेलो.

माणसाच्या भाषेत यंत्राला काम सांगावं ही इच्छा तशी जुनी. अमेरिकेतल्या ग्रेस हॉपर या बाईंनी १९५२ मध्ये, सूचनांचं यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करणारा प्रोग्राम तयार केला. त्यांच्याच कामाच्या आधारानं पुढं कोबॉल ही इंग्रजी शब्दांसारखी वाचता येणारी भाषा आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पथी या संगणकतज्ज्ञानं आजच्या पद्धतीला 'व्हाइब कोडिंग' असं नाव दिलं: यंत्राला सांगत राहायचं, त्यानं लिहिलेलं वाचायचंच नाही. कॉलिन्स शब्दकोशानं त्या वर्षीचा शब्द म्हणून हाच निवडला. कार्पथींनी मात्र हे हौसेच्या, वापरून टाकून द्यायच्या कामांना ठीक आहे, असं त्याच वेळी म्हटलं होतं. तेवढं कुणी सांगत नाही.

आम्ही मुलांना शिकवायचो की संगणक म्हणजे गोष्टीतला सांगकाम्या. सांगाल तेवढंच करील. एखादी खूण विसरलात तर तिथंच अडून बसेल. हा नवा सांगकाम्या तसा नाही. तुम्ही जे सांगितलं नाही ते तो अंदाजानं भरून काढतो आणि पुढं जातो. अडत नाही, म्हणून चूक झाली हेही कळत नाही.

मी पहिली सूचना लिहिली ती एवढीच: "मळणीयंत्राच्या हिशोबाचं ॲप तयार कर." तयार झालं की! हिरवागार पडदा, वर ट्रॅक्टरचं चित्र. पण दर तासावर लावलेला. रकमेपुढं डॉलरची खूण. तारखेत आधी महिना, मग दिवस, म्हणजे पाच ऑक्टोबरची दहा मे झालेली. आत शिरायला ई-मेल मागत होतं, आणि भाच्याला आपला ई-मेल आठवेना. त्यात यंत्राचा दोष म्हणावा तर तसं नाही. जगात लिहिलेल्या प्रोग्राममध्ये जे जास्त आढळतं ते त्यानं दिलं. हडंबा त्यात कुठून आढळणार?

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो, आणि खरं काम तिथं सुरू झालं. वहीत जे लिहिलेलं नव्हतं ते भाच्याच्या डोक्यात होतं. एकेका गावात तीन-तीन ज्ञानोबा. कुठला कुठला हे तो वडिलांच्या नावावरून ओळखतो, कधी शेताच्या वाटेवरून. कुणी निम्मे पैसे आज देतं, निम्मे दिवाळीला. कुणी पैशांऐवजी सोयाबीनच देतं. एखाद्याची बनीम भिजलेली असली की माल नीट निघत नाही, मग दर बोलून ठरतो. पाहुण्यारावळ्यांचा दर आणखी वेगळा. तो वहीत कधीच लिहीत नाहीत.

दुसरी सूचना लिहायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. ती साधारण अशी होती: "हे ॲप मराठीत हवं. नोंदीत गाव, शेतकऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, तारीख आणि कट्टे. तारीख आधी दिवस, मग महिना. दर प्रत्येक नोंदीला बदलता यावा. एका शेतकऱ्याचे पैसे अनेक हप्त्यांत येतील, काही वेळा धान्यात. धान्याची किंमत मी लिहीन. बाकी किती ते नावासमोर दिसावं. शिवारात रेंज नसते, तेव्हा नोंद आधी फोनमध्ये राहावी आणि रेंज आल्यावर पुढं जावी. माझ्या सूचनेत काही कमी असेल तर अंदाज करू नकोस, मला विचार."

शेवटचं वाक्य फार उपयोगी पडलं. यंत्रानं सहा प्रश्न विचारले. त्यातला एक होता, शेतकऱ्यानं जास्त पैसे दिले तर काय करायचं? भाचा म्हणाला, असं आजवर झालेलं नाही.

ॲप चांगलं चाललं. दोन वेळा बेरीज वहीशी जुळेना, तेव्हा एकेक नोंद लावून चूक शोधली. एकदा यंत्राची निघाली, एकदा आमची. पण खरी चूक वेगळीच होती आणि ती आम्हीच मागून घेतली होती. ई-मेलची कटकट नको म्हणून मी सांगितलं होतं, "लॉगिन काढून टाक." त्यानं निमूटपणे काढून टाकलं.

त्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली होती. पुष्कळांचं सोयाबीन पाण्यात गेलं, जे हाती आलं ते काळं पडलेलं. त्यामुळं बाकी राहिलेल्यांची यादी लांब. एका शेतकऱ्यानं आपला हिशोब मागितला म्हणून भाच्यानं ॲपची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यानं ती गावाच्या ग्रुपवर टाकली. ज्यानं उघडली त्याला सगळ्यांची नावं दिसली आणि नावासमोर बाकी. दुसऱ्या दिवशी सकाळी एक वयस्क गृहस्थ माझ्या दारात आले. चहा घेतला नाही. "सर, माझी बाकी साऱ्या गावाला कशाला दाखवली?" एवढंच विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. वही भाच्याच्या बंडीच्या खिशात होती तोवर हा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता.

लिंक त्याच दिवशी बंद केली. मग नवी सूचना: मालकाला सगळं दिसावं, शेतकऱ्याला फक्त स्वतःचं. यात एक बारकावा आहे. पडद्यावरून नावं लपवणं म्हणजे कणगीवर गोणपाट टाकणं. जाणकार माणूस ते सहज उचलतो. कुलूप कणगीलाच हवं, म्हणजे कुणी मागणी केली हे तपासल्याशिवाय डेटाबेसनं माहिती देताच कामा नये. हे नवशिक्यांचंच दुखणं आहे असंही नाही. २०२५ मध्ये लव्हेबलवर तयार झालेली १६४५ ॲप तपासली गेली, त्यातल्या १७० मध्ये माहिती अशी उघडी पडल्याचं आढळलं. जुलै २०२५ मध्ये तर रेप्लिटच्या यंत्रानं, काही बदलू नकोस असं सांगितलेलं असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. माहिती पुढं परत मिळाली, पण यंत्र आधी ती मिळणार नाही असंच सांगत होतं.

म्हणून आता मी तीन गोष्टी केल्याशिवाय लिंक कुणाला देत नाही. शेजाऱ्याच्या फोनवर ती उघडून बघतो, काय काय दिसतं ते. दर आठवड्याला सगळ्या नोंदींची प्रत वेगळी काढून ठेवतो. आणि पैशांच्या दहा-पंधरा नोंदी हातानं बेरीज करून ताडून बघतो. लातूरला शिकवणी वर्ग चालवणारे काही ओळखीचे लोक मुलांच्या फीचं ॲप असंच करून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनाही हेच सांगितलं. त्यांचं काम आणखी नाजूक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती ठेवायची तर त्यात पालकांच्या संमतीची अट आहे. हे काही यंत्र आपणहून आठवण करून देईलच असं नाही.

खर्चाचंही सांगतो. रोज थोडं काम फुकट होतं, त्यापुढं बहुतेक साधनं महिन्याचे पैसे घेतात. अर्धवट सूचना देऊन दहा वेळा बदल करत बसलात तर फुकटचा वाटा तासाभरात संपतो.

ते गृहस्थ पुढं तूर विकल्यावर भाच्याकडं आले. पैसे मोजून दिले. भाच्यानं फोनवर नोंद केली, त्यांच्या नावासमोर शून्य आलेलं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "आता वहीतबी लिव्ह."