बिजागरी कशाच्या आधारावर फिरते?

फळ्यावर 'फायबरग्लासचं बॉनेट आणि बिजागरी' असं लिहिलेलं पाहून काहींना वाटलं असेल, की सर आज चुकीच्या सभागृहात आले. तसं नाही. विटगेनस्टाइन हा मूळचा इंजिनिअर. त्याचं 'ऑन सर्टन्टी' हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९६९ साली आलं. त्यात तो म्हणतो, की आपण शंका घेऊ शकतो, कारण काही गोष्टी शंकेच्या बाहेर स्थिर असतात. दार फिरायचं तर बिजागरी जागेवर हवी. हे आम्ही कितीतरी वर्षं शिकवलं. पण बिजागरी स्वतः कशाला धरून असते, हा प्रश्न आम्हाला वर्गात कधी पडला नाही. तो पडला एका गॅरेजमध्ये.

आमचा पुतण्या मिशिगनमध्ये असतो. त्यानं १९६९ चीच एक जुनी शेवरले कॅमारो घेतली होती आणि ती मनासारखी घडवत होता. पत्र्याचं जड बॉनेट काढून फायबरग्लासचं हलकं आणलं. ते चार पिनांवर ठेवायचं, उघडताना दोघांनी उचलून बाजूला करायचं, अशा जातीचं होतं. त्याला ते बिजागरीवर हवं होतं. म्हणून त्यानं गाडीच्या जुन्याच बिजागऱ्या, जुन्या स्प्रिंगांसकट, त्याला जोडल्या. एका बाजूला फट जास्त दिसत होती. आम्ही शेजारी उभे. म्हणालो, "अरे, बोल्ट आवळ, बसेल." त्यानं आवळले आणि ते बसलं. काही आठवड्यांनी भोकांभोवतीच्या रंगावर चांदणीसारख्या बारीक चिरा उमटल्या. तो काही बोलला नाही, पण सल्ला आमचा होता.

आता असं का झालं ते बघू या.

पत्रा आधी वाकतो आणि वाकलेला राहतो. थोडी चूक तो पोटात घेतो. फायबरग्लास म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेले काचेचे धागे. ते दाबलं तर लवतं, सोडलं की परत येतं, आणि मर्यादा ओलांडली की सरळ चिरतं. मधली पायरी जवळपास नाही. म्हणजे वाकडं बसवून बोल्ट आवळला तर चूक जिरत नाही, ताण बनून आत साठते. प्रत्येक वेळी बॉनेट उघडताना तो ताण भोकाच्या कडेवर येतो.

दुसरं कारण स्प्रिंगांचं. त्या जड पत्र्याचं वजन तोलायला बनवलेल्या. हलक्या बॉनेटला त्या मागून सतत वर रेटत राहतात. बॉनेट मध्ये फुगतं किंवा बिजागरीपाशी मोडतं.

मग करायचं कसं? पुतण्यानं दुसऱ्यांदा केलं तो क्रम सांगतो.

आधी बिजागरी विसरायची. बॉनेट जागेवर ठेवायचं, चारी बाजूंच्या फटीत सारख्या जाडीच्या पट्ट्या घालायच्या आणि टेपनं पक्कं करायचं. बॉनेटला कुठं राहायचंय ते ठरलं की बिजागरीनं तिथं यायचं. बॉनेट ओढून बिजागरीकडे न्यायचं नाही. आम्ही नेमकं उलटं सांगितलं होतं.

मग आस. दोन्ही बिजागऱ्या एकाच सरळ रेषेभोवती फिरायला हव्यात. रेषा जराशी चुकली तरी बॉनेट दर वेळी पिळलं जातं.

नंतर भार पसरवायचा. आतल्या बाजूचा जेल कोट, रंग घासून खालचे धागे दिसेपर्यंत खरवडायचं. धातूची रुंद पट्टी खरबरीत करून, पुसून, एपॉक्सीनं चिकटवायची आणि तिच्यावरून काचेच्या मॅटचे थर चढवायचे. बॉनेट पातळ असेल तर आतून एक चौकटही बांधावी लागते. भोकात धातूची छोटी नळी बसवायची, म्हणजे बोल्ट आवळला तरी फायबर चिरडत नाही. पुढेमागे सरकवायची लांबट भोकं बिजागरीच्या लोखंडात ठेवायची, फायबरमध्ये नाही. घासताना मास्क आणि चष्मा हवाच. काचेची धूळ वाईट.

शेवटी जुन्या स्प्रिंगा काढून साधी टेकू-दांडी लावायची. बिजागरी मागे असलेलं बॉनेट धावत्या गाडीत सुटलं तर वारा ते थेट काचेवर आपटतो. म्हणून पुढच्या पिना त्यानं तशाच ठेवल्या.

ही युक्ती नवी नाही. १९५३ साली फ्लिंट गावात पहिल्या तीनशे कॉर्व्हेट फायबरग्लासच्या अंगानं बाहेर पडल्या. पुढं १९५७ च्या लोटस एलीटमध्ये तर जवळजवळ सगळा सांगाडाच फायबरग्लासचा होता. पण दारांच्या बिजागऱ्या? त्या काचेच्या चौकटीभोवती आत गाडलेल्या पोलादी कमानीला धरून होत्या. इतक्या धाडसी गाडीतही बिजागरीसाठी वेगळी स्थिर जागा मुद्दाम बांधावी लागली.

आम्ही वर्गात सांगायचो, काही गोष्टी स्थिर असतात म्हणून बाकीच्या फिरतात. ते खरंच आहे. पण स्थिर जागा आयती मिळत नाही. आणि ती नसताना आपण जेव्हा कुणाला "आवळ, बसेल" म्हणतो, घरात, शाळेत, कुठंही, तेव्हा ते बहुतेक वेळा बसतंच. चिरा नंतर दिसतात, आणि सल्ला देणारा तोवर विमानात बसून घरी आलेला असतो.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.