इंजिनाखालचं रबर

सिग्नलला थांबलेल्या जुन्या मारुती ८०० मध्ये स्टिअरिंगवर हात ठेवला की कोपरापर्यंत थरथर जाणवते. डॅशबोर्ड खुळखुळतो, आरशात मागची बस धूसर दिसते, एसी लावला की सगळं आणखी वाढतं. मग घरात बोलणं सुरू होतं: इंजिन संपलं, आता विकून टाकू. पुष्कळदा इंजिन ठणठणीत असतं. संपलेलं असतं ते त्याला धरून ठेवणारं रबर, म्हणजे इंजिन माउंटिंग. काही गॅरेजांत त्याला फाउंडेशन म्हणतात. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण ती रस्त्यावर अजून दिसते. अशी चांगली गाडी एवढ्याशा रबरापायी भंगारात जावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वस्तू दिसायला साधी. लोखंडी ब्रॅकेट, मधोमध बोल्टसाठी नळी, दोन्हींच्या मध्ये रबर. ते नुसतं कोंबलेलं नसतं. साच्यात तापवून पकवतानाच लोखंडाला कायमचं चिकटवलेलं असतं. इंजिन आणि गिअरबॉक्सचं सगळं वजन अशा मोजक्या माउंटिंगवर तोललेलं असतं, आणि त्यांच्याकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, त्यामुळे चालताना ते एका टोकाला वर, दुसऱ्या टोकाला खाली असं झुलू पाहतं. मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला २२-२३ ठोके बसतात. ते बॉडीपर्यंत पोचू नयेत म्हणून रबर मऊ हवं. क्लच सोडताच इंजिन उलट्या दिशेला पिळवटतं, तेव्हा त्याला रोखायला तेच रबर कडक हवं.

या पिळाचा जोर गाडीच्या रचनेवर ठरतो. कुर्ल्यात बनणारी प्रीमिअर पद्मिनी मागच्या चाकांवर चालायची. तिच्यात गिअरबॉक्सने वाढवलेला पीळ तेवढा माउंटिंगवर यायचा. डिफरन्शियल तो आणखी वाढवायचं, पण तो भार मागच्या अ‍ॅक्सलकडे जायचा. ८०० मध्ये इंजिन आडवं, आणि गिअरबॉक्स-डिफरन्शियल त्यालाच जोडलेले. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ चाकांपर्यंत जाताना साधारण १५ पट होतो आणि त्याचा उलटा धक्का सगळाच्या सगळा या रबरांवर येतो. लहान गाडी, लहान इंजिन, पण माउंटिंगचं काम पद्मिनीपेक्षा अवघड.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात इंजिन चासीला सरळ बोल्टने आवळून टाकत. चार सिलिंडरच्या गाडीतला कंप मग बसणाऱ्याच्या अंगात शिरायचा. १९३१ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ आणली. पुढचं माउंटिंग उंच, मागचं खाली, आणि दोन्हींना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाईल अशी मांडणी. इंजिन डुलणारच असेल तर ते स्वतःच्या अक्षाभोवती डुलू दे, हा तो विचार. फार डुलू नये म्हणून बाजूला पट्टीची एक स्प्रिंग. फ्रान्सच्या सित्रोएनने पुढच्याच वर्षी हे तंत्र परवान्यावर घेतलं आणि जाहिरातीत हंस पोहत ठेवला. इंजिन मोकळं सोडल्याने गाडी शांत होते, हे ओळखणाऱ्यांच्या बुद्धीचं मला फार कौतुक वाटतं.

माउंटिंगमध्ये बहुतेक वेळा नैसर्गिक रबर असतं. लाखो वेळा ताणलं-दाबलं तरी टिकण्यात ते सरस. पण तेल आणि उष्णता हे त्याचे वैरी, आणि त्याची जागा नेमकी इंजिनाखाली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळू लागलं की ऑइल ओघळत त्याच्यावर येतं आणि रबर फुगून लिबलिबीत होतं. तेलापासून वाचलेलं रबर उष्णतेने वाळतं, तडकतं. म्हणून आधी गळती बंद करायची, मगच माउंटिंगला हात लावायचा.

दोष ओळखायला बॉनेट उघडं ठेवून हँडब्रेक ओढायचा, ब्रेकवर पाय घट्ट ठेवायचा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा. मग तसंच रिव्हर्समध्ये. बघणाऱ्याने गाडीच्या बाजूला राहायचं, पुढे किंवा मागे कधीच नाही. धड माउंटिंगवरचं इंजिन जरासं कलून थांबतं. फाटलेल्यावरचं उसळी घेतं आणि ठक् आवाज येतो. हाच आवाज गिअरबॉक्सच्या नावावर खपतो. क्लच प्लेट नवी टाकूनही झटके बसत राहतात, सायलेन्सरच्या पाइपचा जोड पुन्हापुन्हा तुटतो, आणि रबराकडे कुणी बघत नाही.

पुण्यातल्या एका गॅरेजात हे काम मी शेजारी उभं राहून पाहिलं. मिस्त्रीने बॅटरीची वायर सोडली, गाडी स्टँडवर घेतली. ऑइल चेंबरखाली जॅक लावला, पण मध्ये लाकडाचा जाड ठोकळा ठेवून. चेंबरचा पत्रा पातळ, जॅक थेट टेकला तर चेपतो. जॅक एवढाच उचलला की माउंटिंगवरचा भार उतरावा. नट काढल्यावर बोल्ट बोटांनी ओढताच सुटून आला, म्हणजे भार बरोबर उतरला होता. निघालेल्या माउंटिंगवर वरून भेग दिसतच नव्हती. त्याने ते हातात धरून पिळलं आणि रबर नळीपासून पाकळीसारखं वेगळं झालं. नवं बसवल्यावर मी पान्याकडे हात नेला, तर म्हणाला, “साहेब, आत्ता आवळायचं नाही. इंजिनाला आधी जागा धरू द्या.” सगळे बोल्ट हातानेच लावले, जॅक उतरवला, इंजिन दोन्ही हातांनी हलवून बसू दिलं, आणि मग एकेक बोल्ट टॉर्क रेंचने आवळला. आधीच आवळलं असतं तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहिलं असतं.

माउंटिंग सगळी एकदम बदलावीत. एकच नवं टाकलं तर थकलेल्या बाकीच्यांचा भार त्याच्यावर येतो आणि तेही लवकर जातं. गिअरबॉक्सकडचं माउंटिंग तर हमखास राहून जातं, कारण ते वरून सहज दिसत नाही. फटीत टायरचा तुकडा कोंबण्याची युक्ती मला अजिबात मान्य नाही. उसळी थांबते, पण थरथर सगळी बॉडीत जाते. पॉलियुरेथेनचं कडक माउंटिंग शर्यतीच्या गाडीला शोभतं, रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला नाही. आणि रबर फळीवर पडूनही म्हातारं होतं. नाना पेठेत किंवा कुर्ल्यात जुन्या साठ्यातलं खोकं हाती आलं तर त्यावरची तारीख बघावी, नख दाबून बघावं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ‘ओरिजिनल’पेक्षा चांगल्या कंपनीचं हल्लीच बनलेलं माउंटिंग मी आधी घेईन.