चकचकीत झाकणे आणि इंजिनाचा श्वास

मोटारगाडी कारखान्यात तयार होते आणि आपण ती दुकानातून विकत घेतो, एवढेच आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. परंतु अमेरिका, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका या देशांत स्वतःच्या हाताने गाडी जोडणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. चौकट, फायबरग्लासची बॉडी, चाके, दिवे असे सारे भाग पेट्यांतून घरी येतात. इंजिन बहुधा एखाद्या जुन्या गाडीतून काढून घेतात. मग रविवारामागून रविवार गॅरेजात खपून गाडी उभी राहते. अशा गाडीला किट कार म्हणतात.

गाडी उभी राहिली की मालकाचा हात सर्वांत आधी कुठे जात असेल? बॉनेट उघडल्यावर डोळ्यांत भरणाऱ्या दोन वस्तूंकडे. एक व्हॉल्व्ह कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण. भारतातल्या गॅरेजांत याला टॅपेट कव्हर म्हणतात. दुसरी वस्तू म्हणजे एअर क्लीनर, हवा गाळून आत सोडणारा डबा. जुनी काळवंडलेली झाकणे काढून चकचकीत अॅल्युमिनियमची बसवावीत, डबाही शोभिवंत आणावा, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. काम चार बोल्टांचे दिसते. परंतु वाचकहो, या दोन्ही वस्तू इंजिनाचे दागिने नव्हेत. त्या त्याचे नाक आणि डोक्यावरचे छप्पर आहेत. दागिना चुकला तर फार तर लोक हसतील. नाक चुकीचे बसले तर काय होईल, ते आज पाहू.

नागाच्या नावाची गाडी

किट कारमध्ये सर्वांत जास्त नक्कल झालेल्या गाड्यांत कोब्राचे नाव अगदी वर घ्यावे लागेल. कॅरोल शेल्बी हे टेक्सासचे शर्यतपटू. १९५९ साली फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत त्यांनी रॉय साल्व्हाडोरी यांच्या जोडीने जिंकली. पुढे हृदयविकारामुळे त्यांना शर्यत सोडावी लागली. इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकी गाडी आणि अमेरिकेच्या फोर्ड कंपनीचे आठ सिलिंडरचे इंजिन यांचे लग्न त्यांनी लावून दिले. १९६२ साली लॉस एंजेलिसजवळ पहिली गाडी तयार झाली. गाडी एकच होती, पण मासिकांच्या लोकांना ती दाखवताना दर वेळी नवा रंग दिला जाई, म्हणजे पाहणाऱ्यांना वाटावे की गाड्या भराभर बनत आहेत! सजावटीची ही परंपरा कोब्राच्या जन्मापासूनची आहे, असेच म्हणावे लागेल.

पहिल्या ७५ गाड्यांत २६० घन इंचांचे इंजिन होते, नंतर २८९ चे आले आणि १९६५ साली ४२७ चे, म्हणजे सात लिटरचे राक्षसी इंजिन आले. साऱ्या मिळून अस्सल कोब्रा सुमारे एक हजारच बनल्या. ती पहिली गाडी २०१६ साली अमेरिकेत लिलावात एक कोटी साडेसदतीस लाख डॉलरना गेली. सामान्य माणसाने काय करावे? त्याने नक्कल बांधावी. अमेरिकेतील फॅक्टरी फाइव्ह या कंपनीने १९९५ पासून अशी किट विकायला सुरुवात केली, तिच्यात जुन्या फोर्ड मस्टँगचे इंजिन बसे. आपल्याच महासागराच्या काठावर, दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ शहरात, १९९० च्या दशकापासून बनू लागलेल्या कोब्राच्या नकला इंजिनाविना परदेशी जात. इंजिन ज्याचे त्याने निवडायचे.

आता मस्टँगचे ते इंजिन ३०२ घन इंचांचे, पाच लिटर म्हणून विकले जाणारे. मालकाला मात्र झाकणावर ‘कोब्रा’ आणि डब्यावर ‘४२७’ हवे असते. आपल्याकडे म्हण आहे ना, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

नावात गैर काही नाही. हौसेची गाडी आहे, तिने आवडेल तो पोशाख घालावा. पण पोशाखाचे माप असते. सात लिटरच्या त्या मोठ्या इंजिनाच्या झाकणाला पाच बोल्ट असतात, तर २८९ आणि ३०२ च्या लहान इंजिनाच्या झाकणाला सहा. एकाचे झाकण दुसऱ्याला बसतच नाही. म्हणून लहान इंजिनाच्या मापाची, नाव तेवढे कोरलेली झाकणे बाजारात मिळतात. ती घेताना नावाऐवजी पोटात काय आहे ते पाहावे.

झाकणाच्या पोटात

झाकणाच्या आत रॉकर वरखाली होत असतात आणि त्यांच्यावर तेल उडत असते. ते तेल आत ठेवणे आणि धूळ बाहेर ठेवणे हे झाकणाचे पहिले काम. दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. पिस्टनच्या बाजूने थोडा जळका वायू नेहमीच खाली तेलाच्या भागात झिरपतो. त्यात पाण्याची वाफ असते, न जळलेले पेट्रोल असते. तो तिथेच कोंडला तर तेलाचा काळा चिखल होतो. म्हणून एका झाकणावर एक छोटा व्हॉल्व्ह बसवतात आणि त्यातून इंजिन स्वतःच हा वायू ओढून जाळून टाकते. दुसऱ्या झाकणाच्या भोकातून स्वच्छ हवा आत येते. कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांवर ही व्यवस्था १९६१ च्या सुमारास आली आणि लवकरच सर्वत्र पसरली.

कारखान्याच्या झाकणात या व्हॉल्व्हच्या खाली पत्र्याचा एक आडोसा असतो. उडणारे तेल त्याला आपटून खाली पडते आणि फक्त वायू वर जातो. कित्येक शोभिवंत झाकणांत हा आडोसाच नसतो. मग वायूबरोबर तेलही ओढले जाते, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आणि मालक बिचारा पिस्टनच्या रिंगा बदलायला निघतो. दोष रिंगांचा नसतो. काहींमध्ये तर भोकच नसते. दिसायला सुबक, पण इंजिनाचा उच्छ्वास बंद. दाब वाढला की तेल कुठून तरी वाट काढतेच.

नवे झाकण बसवल्यावर एक सोपी परीक्षा करावी. इंजिन सावकाश चालू ठेवून हवा आत येते त्या भोकावर कागदाचा तुकडा धरावा. कागद हलकेच आत ओढला गेला तर श्वास ठीक आहे. बाहेर फेकला गेला तर कुठेतरी घोटाळा आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. मालकाने शर्यतीसाठीचे जाड रॉकर बसवले असतील तर बुटके झाकण त्यांना लागते आणि टिकटिक ऐकू येते. म्हणून झाकणाच्या आत मातीचे गोळे चिकटवावेत, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवावे आणि माती कुठे दबली ते पाहावे. उलट, फ्युएल इंजेक्शनच्या मस्टँग इंजिनात हवेच्या नळ्यांचा मोठा भाग एका झाकणाच्या वरून जातो. तिथे उंच झाकण बसणार नाही.

बोल्ट आवळणारा हात

झाकण आणि हेड यांच्या मध्ये बुचाचे किंवा रबराचे पॅकिंग असते. जुने पॅकिंग खरवडताना त्याचे तुकडे तेल परत जाण्याच्या भोकांत पडू नयेत म्हणून आत स्वच्छ फडके घालावे आणि शेवटी ते आठवणीने काढावे. पत्र्याचे जुनेच झाकण रंगवून परत घालायचे असेल तर बोल्टाच्या भोकाभोवतीचा भाग बहुधा ओढला जाऊन वाकलेला असतो. तो लाकडी ठोकळ्यावर ठेवून सपाट करावा, नाहीतर नवे पॅकिंगही गळेल.

अॅल्युमिनियमच्या झाकणाची कड जाड असते, म्हणून बोल्ट थोडे लांब लागतात. पण फार लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो. हाताला वाटते घट्ट झाले, प्रत्यक्षात पॅकिंग दबलेलेच नसते. उलट जोर करून आवळले तर पॅकिंग चिरडून बाहेर येते. मधल्या बोल्टापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे, थोडे थोडे आवळावे आणि शेवटचा जोर पुस्तकात दिला असेल तेवढाच टॉर्क रेंचने द्यावा. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून दोन-चारदा गाडी चालवून झाली की थंड इंजिनावर बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.

ही कटकट कशासाठी? कारण झाकणाच्या लगेच खाली एक्झॉस्टचे तापलेले पाइप असतात. मागच्या कोपऱ्यातून गळणारे तेल थेंबाथेंबाने त्यांच्यावर पडते. आधी वास येतो, मग धूर येतो आणि एखाद्या वेळी ज्वाळा. वरची बॉडी फायबरग्लासची, एकदा पेटली की विझवायला कठीण. वर्षभराच्या रविवारांची राख व्हायला फार वेळ लागत नाही. गाडीत अग्निशामक नळकांडे असावेच.

नाक किती मोठे हवे

आता एअर क्लीनर. थोडे गणित करू. ३०२ घन इंच म्हणजे सुमारे ४.९५ लिटर. दर दोन फेऱ्यांत इंजिन एकदा तेवढी हवा घेते. मिनिटाला ६,००० फेऱ्या झाल्या तर पूर्ण भरण्याच्या हिशेबाने सुमारे १४,८०० लिटर हवा दर मिनिटाला लागते. १४ इंच व्यासाची आणि ३ इंच उंचीची गोल गाळणी घेतली तर तिची बाहेरची भिंत सुमारे १३२ चौरस इंच होते. शोभेचा छोटा डबा सव्वासहा इंचांचा आणि अडीच इंच उंचीचा घेतला तर पन्नास चौरस इंचांपेक्षाही कमी. मोठ्या माणसाला बाळाच्या नाकातून श्वास घ्यायला सांगण्यासारखेच हे!

काही जण गाळणी काढून नुसत्या चमकणाऱ्या तुताऱ्या कार्बोरेटरवर लावतात. दिसतात झकास. पण रस्त्यावरची बारीक वाळू सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि सहाणेसारखी घासते. शिवाय कार्बोरेटरमधून उलटी ज्योत आली तर ती अडवायलाही डबा उपयोगी पडतो.

कोब्राचे बॉनेट बुटके. डबा वर टेकतो की नाही हे पाहायला त्याच्या झाकणावर मऊ मातीचा गोळा ठेवावा, बॉनेट हलकेच लावून उघडावे आणि दबलेल्या मातीची जाडी मोजावी. अर्धा ते पाऊण इंच तरी जागा असावी, कारण रबरावर बसलेले इंजिन जोर लागताच हलते. जागा कमी पडली तर खोलगट तळाचा डबा मिळतो. आणि नेमका इथेच सर्वांत मोठा धोका आहे. तो खोल तळ अॅक्सिलरेटरच्या दांडीला लागला तर पाय उचलल्यावरही इंजिन वेगातच राहील. म्हणून इंजिन बंद असताना एकाने पेडल तळापर्यंत दाबून सोडावे आणि दुसऱ्याने वर उभे राहून दांडी मोकळेपणाने परत येते का ते पाहावे. ही तपासणी झाल्याशिवाय किल्ली फिरवू नये. काम चालू असताना कार्बोरेटरचे तोंड फडक्याने झाकलेले बरे. वरचा नट आत पडला तर इंजिन उघडावे लागते.

समुद्राकाठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आणखी एक गोष्ट सांगायला नको. खाऱ्या हवेत घासून चमकवलेले अॅल्युमिनियम लवकर पांढुरके पडते. तिथे रंग किंवा लेप दिलेले झाकणच टिकते.

राहिली गोष्ट नावाची. आज ३५१ घन इंचांच्या फोर्ड इंजिनाचा व्यास आणि दांडा वाढवून खरोखरच ४२७ घन इंच करता येतात. त्या गाडीवर तो आकडा खरा असतो. ३०२ वर तोच आकडा लावला तर ती थट्टा आहे, आणि जोपर्यंत गाडी आपली आहे तोपर्यंत थट्टेने कुणाचे नुकसान होत नाही. विकताना मात्र झाकण काढून आतले काय ते घेणाऱ्याला दाखवावे. शेल्बी २०१२ साली वारले. त्यांच्या नावाच्या नकला अजून घरोघरी जोडल्या जात आहेत. त्यांतली जी गाडी गळत नाही, धुरत नाही आणि पाय उचलताच मंदावते, तिच्या झाकणावर काहीही लिहिलेले असो, ती बांधणाऱ्याच्या हाताला शोभते.