वाशिष्ठीतले पाहुणे पाणी

मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून हिंडलात तर बहुतेक नद्या आटलेल्या दिसतील. वहाळांत नुसते दगडगोटे, विहिरींचा तळ उघडा आणि डोंगरावरच्या वाड्यांत टँकरची वाट पाहणारे हंडे. पण चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे निघालात, तर खेर्डी-अलोरे परिसरात वाशिष्ठी नदीला भर उन्हाळ्यातही वाहते पाणी आढळते. शेजारच्या नद्या कोरड्या असताना वाशिष्ठीला हे पाणी कोठून मिळते?

उत्तर थोडे चमत्कारिक आहे. हे पाणी मुळात कोकणातले नाहीच! ते पडले सह्याद्रीच्या पलीकडे, महाबळेश्वर आणि पाटणच्या डोंगरांत. निसर्गाच्या मनाप्रमाणे ते बंगालच्या उपसागराला मिळाले असते.

पाण्याची सीमा

कुंभार्ली घाटाचा माथा ही सातारा आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. पाण्याचीही सीमा तेथेच आहे. माथ्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब वाशिष्ठीत येतो आणि शंभर किलोमीटरांच्या आतच दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्र गाठतो. पूर्वेला पडलेला थेंब कोयनेत जातो, कऱ्हाडला कृष्णेला मिळतो आणि कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश असा हजाराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करतो. पाणी दोन दिशांना वाटणाऱ्या अशा डोंगररांगेला भूगोलात 'जलविभाजक' म्हणतात.

घराचे पाखाडीचे छप्पर डोळ्यांसमोर आणा. आढ्याच्या अलीकडे पडलेले पाणी पुढच्या अंगणात, पलीकडे पडलेले मागच्या परसात. सह्याद्री म्हणजे असेच एक प्रचंड आढे आहे. पण आपल्या इंजिनिअरांनी या आढ्याखालून भोक पाडले!

डोंगराखालचा मार्ग

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते. तेथे कोयनानगरला १०३ मीटर उंचीचे धरण बांधले आहे. या धरणामागचा शिवाजीसागर जलाशय उंचावर, तर डोंगरापलीकडचे कोकण एकदम खाली. मग जलाशयातले पाणी बोगद्याने पश्चिमेला नेले आणि सुमारे ४७५ मीटर खाली, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील टर्बाइनांवर सोडले. १९६२ साली येथे वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे हेच पाणी कोळकेवाडीला अडवून तेथे पुन्हा वीज काढली जाऊ लागली.

एक सोपे गणित करा. एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाणी ४७५ मीटर खाली आले तर किती ऊर्जा मिळेल? वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की सुमारे ४६,५५,००० ज्यूल येतात. एक युनिट वीज म्हणजे ३६,००,००० ज्यूल. यंत्रातली घट वजा जाता पाच मोठ्या पिंपांएवढ्या पाण्यापासून एका युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने चालले. वीज काढून झाल्यावर उरणाऱ्या पाण्याला 'अवजल' म्हणतात. हेच अवजल वाशिष्ठीत येते. चिपळूण शहराची तहान त्यावर भागते आणि लोट्याच्या कारखान्यांनाही वाशिष्ठीचेच पाणी मिळते. वीजगृह काही दिवस बंद राहिले की नदीचे पाणी उतरते आणि शहरातल्या नळांना त्याची झळ लागते.

वाटणी कोणी करायची?

आता तुमच्या मनात येईल, मग सगळेच पाणी इकडे का वळवू नये?

घाटावरच्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. पश्चिमेला वळलेला थेंब कृष्णेत परत जात नाही. सांगलीचा ऊस, विजापूरची ज्वारी, आंध्रचा भात, इतकेच काय हैदराबाद शहराचे पिण्याचे पाणी, हे सारे कृष्णेच्या खोऱ्यावर अवलंबून आहे. नदी एक, मागणारे अनेक! म्हणून १९६९ साली न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा पाणीतंटा लवाद नेमला गेला. त्याने १९७३ साली निर्णय दिला आणि १९७६ साली तो अंतिम झाला.

लवादाने आधी भरवशाचे पाणी मोजले. शंभरपैकी पंचाहत्तर वर्षे निदान एवढे मिळेलच, असे पाणी २,०६० अब्ज घनफूट निघाले. (अब्ज घनफुटालाच वर्तमानपत्रे 'टीएमसी' म्हणतात.) त्यातले महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट मिळाले. कोयनेसाठी वेगळी अट घातली. सुरुवातीच्या वर्षांत जास्त पाणी वळवण्याची मुभा दिली, पण पुढे एका जलवर्षात, म्हणजे १ जून ते ३१ मे या काळात, ६७.५ अब्ज घनफुटांपेक्षा जास्त पाणी पश्चिमेला सोडायचे नाही. म्हणजे पोफळीची यंत्रे किती चालवायची, याला या निवाड्यानेही मर्यादा आहे. वाद येथेच संपला नाही. २००४ साली दुसरा लवाद नेमावा लागला आणि २०१४ साली तेलंगणा वेगळे झाल्यावर वाटेकरी आणखी एकाने वाढला.

पाऊस उदंड, तरी तहान

आता दुसरे गणित. ६७.५ अब्ज घनफूट म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी. रत्नागिरी जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,२०० चौरस किलोमीटर. हे सारे पाणी जिल्ह्यावर सारखे पसरले तर किती थर होईल? जेमतेम २३ सेंटिमीटर! जिल्ह्यात दरवर्षी पडणारा पाऊस सरासरी ३ मीटरांहून अधिक, म्हणजे पाहुण्या पाण्याच्या दहापटीपेक्षा जास्त असतो.

मग टंचाई का? पाऊस चार महिन्यांतच पडतो. जांभ्याच्या सच्छिद्र खडकातून मुरलेले पाणी झऱ्यांवाटे लवकर निघून जाते. उतार तीव्र आणि नद्या आखूड, त्यामुळे बाकीचे पाणी धावत समुद्र गाठते. कोयनेचे पाणी त्या मानाने थोडे, पण धरणात साठवलेले असल्यामुळे ते मे महिन्यातही येते. साठवणीची किंमतही लहान नव्हती. शिवाजीसागरासाठी अनेक गावे पाण्याखाली गेली आणि तेथील कुटुंबांना दूरच्या जिल्ह्यांत नवे घर मांडावे लागले.

तेव्हा अवजल कोणाला द्यायचे, चिपळूणच्या आसपासच्या गावांना, कारखान्यांना की दूरच्या मुंबईला, ही चर्चा तुमच्या कानावर आली, तर दोन प्रश्न जरूर विचारा. हे पाणी मूळ कोणत्या खोऱ्यातले? आणि आपल्या अंगणात पडलेल्या पावसाचे आपण काय केले?

करून पाहा : नकाशात तुमच्या गावाजवळची नदी शोधा. तिच्या खोऱ्याची सीमा पेन्सिलीने आखा आणि तालुका, जिल्हा, राज्य यांच्या सीमांशी ती कोठे जुळते, कोठे जुळत नाही, ते पाहा. जेथे जुळत नाही, तेथे त्या पाण्याचे वाटेकरी कोण आहेत, याची यादी वर्गात करा.