विश्लेषण : नर्स प्रॅक्टिशनरची पदवी आहे, पण पद कुठे आहे?

बीएस्सी नर्सिंग झाले, आयसीयूत दोन-तीन वर्षे काढली, आता पुढे काय? ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून रोज लोकलने कळवा, शीव, परळ गाठणाऱ्या अनेक परिचारिकांपुढे हा प्रश्न असतो. एमएस्सी केले तर बहुतेकदा वाट नर्सिंग कॉलेजच्या वर्गाकडे जाते. रुग्णाजवळच राहून वरचे शिक्षण घ्यायचे असेल, तर ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा पर्याय देशात उपलब्ध आहे. मात्र प्रवेश घेण्याआधी या पदवीने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घेणे गरजेचे आहे.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे नेमके कोण?

एक उदाहरण घेऊ. रात्रीचे दोन वाजले आहेत. आयसीयूतल्या रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजन घसरू लागतो. ड्युटीवरील नर्सला ते सर्वांत आधी कळते. ती ऑक्सिजन वाढवते, डॉक्टरांना फोन करते, केसपेपरवर नोंद करते. कोणती चाचणी करायची, कोणते औषध किती द्यायचे, व्हेंटिलेटरच्या सेटिंगमध्ये काय बदल करायचा, हा निर्णय मात्र डॉक्टरांचा असतो.

नर्स प्रॅक्टिशनर ही याच्या पुढची पायरी. पदव्युत्तर शिक्षण घेतलेली ही परिचारिका रुग्णाची सविस्तर तपासणी करते, चाचण्या सांगते, त्यांचे निष्कर्ष वाचते आणि ठरवून दिलेल्या चौकटीत उपचारही सुरू करते. ती डॉक्टरांची जागा घेत नाही. डॉक्टर खाटेपाशी पोहोचेपर्यंत जी मिनिटे हातची जातात, ती वाचवण्याचे शिक्षण तिला दिलेले असते.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतून. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका व प्राध्यापक लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी पहिला असा अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांत आणि गरीब वस्त्यांत मुलांसाठी डॉक्टर मिळत नव्हते, हे त्यामागचे कारण. आज अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर आहेत. तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत त्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रुग्ण तपासतात आणि औषधे लिहून देतात.

भारतात कोणता अभ्यासक्रम आहे?

भारतीय परिचर्या परिषदेने (आयएनसी) २०१६ मध्ये ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ म्हणजेच एनपीसीसी या अभ्यासक्रमाचा आराखडा आणला. दोन वर्षांचा हा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी आहे. त्यानंतर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही नर्स प्रॅक्टिशनर आणि सार्वजनिक आरोग्य परिचारिका असे स्वतंत्र संवर्ग उभारण्याची शिफारस करण्यात आली.

नेहमीच्या एमएस्सी नर्सिंगपेक्षा हा अभ्यासक्रम वेगळा आहे. एमएस्सीमध्ये मेडिकल-सर्जिकल, बालरुग्ण, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य असे पाच विषय असतात. तिथून बाहेर पडणाऱ्या अनेक जणी पाठ्यनिर्देशिका किंवा प्राध्यापक होतात. एनपीसीसीची रचना मात्र रुग्णाच्या खाटेभोवती केलेली आहे.

प्रवेशासाठी काय लागते?

मूळ अटी अशा :

• मान्यताप्राप्त संस्थेतून बीएस्सी नर्सिंग, एकूण किमान ५५ टक्के गुण.
• राज्य नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. आपल्याकडे ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते.
• प्रत्यक्ष रुग्णसेवेचा किमान एक वर्षाचा अनुभव. तो अतिदक्षता विभागातील असल्यास प्राधान्य.

जीएनएम झालेल्यांना थेट प्रवेश नाही. त्यांना आधी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घ्यावी लागते. म्हणजे जीएनएमनंतर ही वाट किमान चार वर्षांची. आयसीयूचे कौशल्य वाढवणे एवढाच हेतू असेल, तर एका वर्षाची क्रिटिकल केअर नर्सिंगची पोस्ट बेसिक पदविकाही आहे. ती घेऊन मात्र नर्स प्रॅक्टिशनर होता येत नाही.

दोन वर्षांत काय शिकवतात?

सुमारे ८० टक्के वेळ वॉर्डात आणि २० टक्के वर्गात, असे साधारण गणित आहे. विद्यार्थिनी ही त्या रुग्णालयाची रेसिडेंट असते. दिवसाला किमान आठ तास प्रत्यक्ष काम, शिवाय ऑन-कॉल ड्युटी, असा क्रम असतो. म्हणूनच नोकरी सांभाळून किंवा शनिवार-रविवारच्या वर्गांतून ही पदवी होऊ शकत नाही. कुणी ‘ऑनलाइन एनपीसीसी’ देऊ करत असेल, तर तिथेच सावध व्हावे.

विषयांमध्ये प्रगत शरीरविकृतीशास्त्र, प्रगत औषधशास्त्र, प्रगत शारीरिक तपासणी, संशोधन आणि पुराव्यावर आधारित उपचार, नेतृत्व व व्यवस्थापन, तसेच क्रिटिकल केअर नर्सिंगचे दोन भाग येतात. शोधप्रबंधही करावा लागतो. वॉर्डात व्हेंटिलेटरवरील रुग्ण सांभाळणे, रक्तातील वायूंचा अहवाल (एबीजी) वाचणे, ईसीजीतील धोक्याची लक्षणे ओळखणे, अशा कामांची नोंद लॉगबुकमध्ये ठेवावी लागते.

शिक्षण झाल्यावर औषध लिहून देता येते का?

खरा गुंता इथे आहे. अभ्यासक्रमाच्या आराखड्यानुसार नर्स प्रॅक्टिशनर औषधे देऊ शकते, चाचण्या आणि काही उपचार सांगू शकते. पण ते रुग्णालयाने लेखी ठरवलेल्या कार्यपद्धतीच्या, म्हणजे प्रोटोकॉल आणि स्टँडिंग ऑर्डरच्या चौकटीत. निर्णय चुकला तर त्याचे उत्तरदायित्वही तिच्यावर येते. रुग्णाची निवड, औषधाची निवड, गुंतागुंत ओळखणे, या सगळ्याला ती जबाबदार असते.

याचा अर्थ, रात्री दोनच्या त्या प्रसंगात रुग्णालयाकडे प्रोटोकॉल असेल तर ती लगेच पावले उचलू शकते. प्रोटोकॉलच नसेल तर तिची पदवी आणि इतरांचे जीएनएम यांत त्या क्षणी फरक उरत नाही. दोघींनाही फोनच करावा लागतो.

रुग्णालयाबाहेर तर प्रश्नच नाही. ‘शेड्यूल एच’मधील औषधे केमिस्टने नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. त्यामुळे डोंबिवलीत स्वतःचा दवाखाना टाकून चिठ्ठ्या लिहिण्याचा परवाना या पदवीने मिळत नाही. राज्य कौन्सिलकडे तिची नोंद अतिरिक्त पात्रता म्हणून होते.

ठाणे-कल्याणला याची गरज का?

कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये. तिथून अत्यवस्थ रुग्णाला कळवा किंवा मुंबईला हलवावे लागते, हा इथल्या रहिवाशांचा जुना अनुभव. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडचे रुग्णही याच वाटेने येतात. वाटेतली कोंडी वेगळीच.

त्याचा सगळा ताण शेवटच्या ठिकाणी येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातील ५०० खाटांच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यातले अनेक जण गंभीर अवस्थेत दाखल झाले होते, असे तेव्हा सांगण्यात आले आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. अशा घटनेमागे एकच कारण नसते आणि एका नव्या पदामुळे ती टळली असती, असेही म्हणता येत नाही. पण अत्यवस्थ रुग्णाला ओळखणारी आणि पहिल्या तासात हालचाल करू शकणारी प्रशिक्षित माणसे तालुक्यापासून शहरापर्यंत किती आहेत, हा प्रश्न त्या घटनेने ऐरणीवर आणला. व्हेंटिलेटर निविदा काढून आणता येतो. तो चोवीस तास चालवणारी माणसे घडवायला वर्षे लागतात.

मग पद का निर्माण होत नाही?

सरकारी रुग्णालयांतील परिचर्येची शिडी ठरलेली आहे. अधिपरिचारिका, परिसेविका, पुढे सहायक अधिसेविका आणि अधिसेविका. शिकवण्याच्या बाजूला पाठ्यनिर्देशिका. या रूढ शिडीत ‘नर्स प्रॅक्टिशनर’ नावाची पायरी नाही. वर चढायचे तर रुग्णाकडून हळूहळू रजिस्टर, ड्युटी यादी आणि भांडारगृहाकडे सरकावे लागते. खाटेजवळ राहूनही बढती मिळावी, ही या पदामागची कल्पना. पण त्यासाठी पद मंजूर व्हावे लागते, वेतनश्रेणी ठरावी लागते, सेवाप्रवेश नियम बदलावे लागतात.

दुसरा अडथळा डॉक्टरांच्या आक्षेपांचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये ‘सामुदायिक आरोग्य प्रदात्यां’ना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर आंदोलन केले. अर्धवट प्रशिक्षण घेतलेल्यांच्या हाती औषधे गेली तर नुकसान रुग्णाचे होईल, असा त्यांचा मुद्दा होता. तो झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र ते कलम नर्स प्रॅक्टिशनरसाठी लिहिलेले नव्हते. पदवी, नोंदणी, वर्षाचा अनुभव आणि त्यावर दोन वर्षांची रेसिडेन्सी केलेल्या परिचारिकेला ‘अर्धवट’ म्हणता येईल का, ही चर्चा त्या गदारोळात बाजूला पडली.

तिसरी गोष्ट कायद्याची. राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतीशास्त्र आयोग कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. १९४७ चा परिचर्या परिषद कायदा मोडीत काढून राष्ट्रीय आयोग आणि राज्यांचे आयोग उभारण्याची तरतूद त्यात आहे. शिक्षण, मूल्यांकन, नोंदणी यांसाठी वेगळी मंडळे असतील. म्हणून अभ्यासक्रमाचे आणि नोंदणीचे नियम सांगोवांगी न ठेवता, प्रवेशाच्या वर्षी लागू असलेले अधिकृत परिपत्रकच पाहावे.

आयसीयूशिवाय दुसरा मार्ग आहे का?

दोन आहेत.

पहिला प्रसूतीचा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवायफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हे १८ महिन्यांचे प्रशिक्षण आहे. गुंतागुंत नसलेली प्रसूती या परिचारिकांनी सांभाळावी आणि धोका दिसताच रुग्ण स्त्रीरोगतज्ज्ञांकडे द्यावा, अशी ही व्यवस्था. हे प्रशिक्षण सरकारी योजनेचा भाग आहे. ती पदव्युत्तर पदवी नाही.

दुसरा समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) होण्याचा. आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यवर्धिनी केंद्रांना २०२३ पासून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात. ठाणे जिल्ह्यात ग्रामीण भागातील उपकेंद्रांवर हे अधिकारी दिसतात. महाराष्ट्रात आयुर्वेद, युनानी पदवीधरांबरोबर बीएस्सी नर्सिंगचे उमेदवारही पात्र ठरतात आणि त्यासाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण असते. इथे नेमणूक कंत्राटी असते, पण निदान पद तरी आहे. एनपीसीसीची अडचण नेमकी उलटी : तिथे शिक्षण सखोल, पण पदाचा पत्ता नाही.

परदेशात ही पदवी चालते का?

थेट नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण जाहिरातींत ते धूसर ठेवले जाते. अमेरिकेत आधी एनसीएलएक्स-आरएन परीक्षा देऊन साध्या नर्सचा परवाना मिळवावा लागतो. ही परीक्षा मुंबईतूनही देता येते. त्यानंतर तिथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची मास्टर्स किंवा डॉक्टरेट, राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि त्या राज्याचा परवाना, अशी साखळी आहे. ऑस्ट्रेलियात मास्टर्सबरोबर ५,००० तासांच्या प्रगत रुग्णसेवेचा अनुभव मागतात. एनपीसीसीचा परदेशात उपयोग होतो तो अनुभवाची आणि ज्ञानाची बाजू भक्कम करण्यापुरता.

फी भरण्यापूर्वी काय विचारावे?

कॉलेजच्या प्रवेश कक्षात हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी मागा.

१. या वर्षासाठी एनपीसीसीची मान्यता आहे का? कॉलेजला बीएस्सी किंवा एमएस्सीची मान्यता असणे म्हणजे या अभ्यासक्रमाची मान्यता असणे नव्हे. मान्यताप्राप्त संस्थांच्या अधिकृत यादीत नाव स्वतः तपासा.

२. रुग्णालय कॉलेजचे स्वतःचे आहे का? आयसीयूच्या खाटा किती? ८० टक्के शिक्षण तिथेच होणार आहे.

३. रेसिडेन्सीच्या काळात विद्यावेतन मिळते का? किती? दोन वर्षे पगार बंद राहिला, तर घरचा हप्ता कोण भरणार, हे आधी ठरवायला हवे.

४. रुग्णालयाकडे नर्स प्रॅक्टिशनरसाठी लेखी प्रोटोकॉल आहेत का? नसतील तर शिकलेले वापरायचे कुठे?

५. आधीच्या तुकडीतल्या मुली आज कोणत्या पदावर आहेत? स्टाफ नर्स, शिक्षिका की नर्स प्रॅक्टिशनर? शक्य असेल तर त्यांच्यापैकी एकीशी फोनवर बोला.

६. सरकारी किंवा महापालिकेच्या सेवेत असाल, तर अध्ययन रजा मिळेल का? परत आल्यावर वेतनात काही फरक पडेल का? याचे उत्तर कॉलेजकडे नसते, आपल्या आस्थापना विभागाकडे असते.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. आयसीयूत मन रमत असेल आणि शिकण्याची ओढ असेल, तर या दोन वर्षांत हाताला जे वळण लागते ते वाया जात नाही. मात्र केवळ बढती किंवा परदेशाच्या आशेने जाणाऱ्यांनी आजची स्थिती पाहूनच पाऊल टाकावे. पदवी देण्याचे काम विद्यापीठ करते. त्या पदवीला वॉर्डात अधिकार आणि पगारपत्रकावर जागा देण्याचे काम सरकार आणि महापालिकांचे आहे, आणि ते अजून बाकी आहे.