तार नसलेली ट्रॉली

ट्रॉली म्हटलं की आपल्याला आठवते ती उसाने फुगलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, नाहीतर विमानतळावरची, जिचं एक चाक हट्टाने भलतीकडेच पळतं ती. अमेरिकेत मात्र ट्रॉली म्हणजे ट्राम. आणि त्याच्याही आधी, ट्रामच्या दुनियेत, ट्रॉली ही गाडी नव्हतीच. डोक्यावरच्या विजेच्या तारेवर घरंगळत राहायचं आणि तिथली वीज खाली गाडीला द्यायची, एवढंच काम करणाऱ्या खाचेच्या चाकाचं ते नाव. पुढे चाकाचं नाव गाडीला चिकटलं. मुंबईत १९०७ ते १९६४ विजेची ट्राम धावली, तिच्याही डोक्यावर तारा होत्याच.

आता अशी एक ट्रॉली डोळ्यांपुढे आणा, जिच्यावर तारच नाही!

ती धावते ॲस्टोरिया नावाच्या गावात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन राज्य आहे. कोलंबिया नदी जिथे पॅसिफिक महासागराला मिळते, तिथे नदीकाठाला हे गाव वसलेलं आहे. वस्ती जेमतेम दहा हजार, पण मिजास मोठी, कारण रॉकी पर्वताच्या पश्चिमेला अमेरिकनांनी वसवलेलं हे सर्वांत जुनं ठाणं. १८११ साली जॉन जेकब ॲस्टर या फरच्या व्यापाऱ्याच्या कंपनीने ते उभारलं. ॲस्टरने स्वतः मात्र या गावात कधी पाऊल टाकलं नाही.

ट्रॉलीचं नाव ‘ओल्ड ३००’. तिचा जन्म १९१३चा, सेंट लुईसच्या कारखान्यातला. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिने टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत वीस वर्षं माणसं वाहिली. १९३३ साली त्या शहराने सगळ्या ट्राम मोडीत काढून बस आणल्या, तेव्हा ही एक गाडी संग्रहालयात गेली म्हणून वाचली. १९८०च्या दशकात तिला पुन्हा चालवून बघितलं गेलं आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस ती ॲस्टोरियात आली. ॲस्टोरियाची स्वतःची ट्राम १९२४ सालीच बंद पडली होती. थोडक्यात, आपली ट्राम गमावलेल्या गावाने दुसऱ्या गावाची निवृत्त ट्राम दत्तक घेतली.

पण वीज कुठून आणायची? नदीकाठाला मालगाडीचे जुने रूळ होते, वर तारा नव्हत्या, आणि तीन मैल तारा ओढायचा खर्च कोण करणार? मग गावकऱ्यांनी एका छोट्या चाकगाड्यावर जनरेटर बसवला आणि तो ट्रॉलीला जोडून टाकला. जाताना ट्रॉली त्याला ओढते, येताना ढकलते. आपलं वीजघर शेपटीला बांधून हिंडणारी ट्राम! शुद्धतावादी नाक मुरडतील, मला तर हा जुगाड मनापासून आवडतो. आतली यंत्रणा मात्र जुन्याच रीतीची. चालक पितळी दांडा एकेक खाच पुढे सरकवतो. अशा ट्राममध्ये मोटारी आधी एकसर जोडलेल्या असतात, म्हणजे व्होल्टेज वाटून घेतात आणि गाडी हिसका न देता हलते. वेग आला की त्याच दांड्याने त्या समांतर जोडल्या जातात. शाळेच्या विज्ञानात कंटाळवाणा वाटलेला तो धडा इथे पायाखाली गुरगुरत असतो. चालक आणि कंडक्टर दोघेही हौशी स्वयंसेवक. थांब्यांच्या मधल्या वेळात कंडक्टर गावच्या गोष्टी सांगतो. तिकीट एक-दोन डॉलरचं.

पूर्वेच्या टोकाला, ३९व्या रस्त्यापाशी गाडीत बसलो, तर आधी कानावर येतो भुंकण्याचा आवाज. ते कुत्रे नव्हेत, सी-लायन आहेत. बोटींच्या धक्क्यावर शेकड्यांनी पसरलेले, एकमेकांच्या अंगावर लोळणारे धष्टपुष्ट नर. त्यांच्या वजनाने धक्के मोडायला लागले तेव्हा, २०१५ साली, त्यांना घाबरवायला एक नकली ओर्का देवमासा आणला गेला. फायबरग्लासचा, आत माणूस बसवून चालवायचा. त्याचं इंजिन बंद पडलं, मग जवळून जाणाऱ्या जहाजाच्या लाटेने तो आडवा झाला आणि लोकांच्या डोळ्यांदेखत पोट वर करून तरंगू लागला. सी-लायन तिथेच आहेत.

गाडी पश्चिमेला निघाली की उजव्या हाताला नदी. नदी कसली, खाडीच ती. पात्रात मालवाहू जहाजं नांगर टाकून असतात. समुद्राकडून आलेल्या जहाजावरचा एक वाटाड्या इथे उतरतो आणि नदीचा जाणकार असलेला दुसरा चढतो. पहिल्याचं काम जास्त जिवावरचं. कोलंबियाचा प्रचंड लोंढा आणि पॅसिफिकच्या लाटा मुखाशी वाळूच्या उथळ पट्ट्यावर समोरासमोर आदळतात. खाडीच्या तोंडच्या वाळूचा धसका कोकणातल्या मच्छीमारांना सांगायला नको, पण हे मुख ‘पॅसिफिकचं स्मशान’ म्हणून ओळखलं जातं. गेल्या दोन-सव्वादोन शतकांत इथे बुडालेल्या लहानमोठ्या नौकांची संख्या दोन हजारांच्या घरात सांगतात.

मग पेठ लागते. ही पेठ एकेकाळी चक्क पाण्यावर होती. भरतीच्या चिखलात लाकडी खांब ठोकून त्यावर रस्ते आणि दुकानं उभी केलेली. ८ डिसेंबर १९२२च्या पहाटे आग लागली आणि ती रस्त्यावरून नव्हे, रस्त्याखालून पळाली. फळ्यांच्या खालच्या पोकळीत तिला वारा आणि सुकं लाकूड दोन्ही मिळालं. शहराचा गाभा राख झाला. नंतर काँक्रीटच्या भिंती बांधून मध्ये नदीची वाळू भरली आणि त्यावर नवे रस्ते केले. तरी काही फुटपाथ आजही खालून पोकळ आहेत. जवळच जुना तुरुंग आहे, १९८५च्या ‘द गूनीज’ या चित्रपटात दिसलेला. आता त्यात चित्रपटांचं संग्रहालय आहे. टेकडीवरच्या १९२६च्या उंच स्तंभापर्यंत ट्रॉली जात नाही. तिथे १६४ पायऱ्या चढून पोरं हलक्या लाकडाची विमानं सोडतात.

शेवटी गाडी एका अवाढव्य पुलाखाली येते. हा १९६६ साली झालेला साडेसहा किलोमीटरचा पूल पलीकडच्या वॉशिंग्टन राज्यात जातो. या भागात फिनलंडहून आलेल्या मासेमारांची आणि कामगारांची वस्ती होती. पुलाच्या सावलीतल्या स्मारक उद्यानात एक फलक आहे, आणि त्यावर एक शब्द आहे, जो इथे वाचायला मिळेल असं आपल्याला स्वप्नातही वाटलं नसतं: गदर.

ज्या रुळांवरून आपण आलो, ती लोहमार्गाची वाट १८९८ साली ए. बी. हॅमंड या उद्योगपतीने ॲस्टोरियापर्यंत आणली. पुढे गावाच्या पूर्व टोकाची, ट्रॉली जिथून सुटते त्याच्याही पलीकडची, लाकडाची मोठी गिरणीही त्याचीच झाली. त्या गिरणीत पंजाबी मजूर ओंडके कापत आणि गिरणीलगतच्या गल्लीत राहत. अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आणि १९२३ साली तिथे हरलेले भगतसिंग थिंड हेही ॲस्टोरियाच्या गिरणीत राबलेले. १९१३ साली आसपासच्या गिरण्यांतले असे मजूर गावाच्या पश्चिम टोकाच्या फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात जमले. क्रांतिकारक लाला हरदयाळ तिथे बोलले. ज्या संघटनेतून ब्रिटिश राज्य उलथायला निघालेली गदर चळवळ उभी राहिली ती तिथे आकाराला आली: अध्यक्ष सोहनसिंग भकना, चिटणीस हरदयाळ, खजिनदार काशीराम. मजुरांच्या घामाच्या डॉलरवर त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत ‘गदर’ पत्राचा पहिला अंक निघाला.

या मंडळींत आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. शेतकी शिकायला ऑरेगनात आलेले आणि भकनांबरोबर मजुरांची संघटना बांधणारे. पुढे ते मेक्सिकोत मक्याचे नामांकित शास्त्रज्ञ झाले. तिथे चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही गदरचेच. त्यांना १६ नोव्हेंबर १९१५ला लाहोरात, गदरच्याच कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी झाली.

गिरणी सप्टेंबर १९२२ मध्ये जळाली, पेठेच्या आगीच्या तीन महिने आधी. ती पुन्हा उभी राहिली नाही आणि गल्ली रिकामी झाली. पुढची नव्वद वर्षं गावाला गदरच्या या साऱ्या कहाणीचा जवळजवळ विसर पडला होता. त्या सभेची शंभरी आली तेव्हा, २०१३ साली, पुलाखालचा तो फलक बसवला गेला.

आणि ओल्ड ३०० कुठे होती १९१३ साली? सेंट लुईसच्या कारखान्यात. या गावाशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

पश्चिमेच्या टोकाला गाडी वळवायला जागा नाही. चालक दांडा काढून घेतो, डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जातो, तिथे तो बसवतो, घंटा वाजवतो, आणि गाडी पुन्हा गिरणीच्या दिशेने निघते.